बायकोच्या पाठीतला रवा

माझ्या बायकोच्या पाठीत रवा भरला आहे. कमरेतल्या दोन मणक्यांच्या मध्ये आणि आजूबाजूला. डॉक्टर त्याला कृत्रिम हाडाचे दाणे म्हणतात. त्यात कॅल्शियम असतं, फॉस्फेट असतं, आणि तो बंद बाटलीतून निर्जंतुक होऊन येतो. पण नागपूरच्या डॉक्टरांनी नमुन्याची बाटली टेबलावर ठेवली तेव्हा बायको माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अजी, हा तं रवा होय." तेव्हापासून आमच्या घरात, नातेवाइकांत आणि माझ्या अर्ध्या शिफ्टमध्ये त्या वस्तूचं नाव रवाच पडलं. "भाभीचा रवा जमला का भाऊ?" असं लोक मला गेटवर ओरडून विचारायचे, आणि नवखा माणूस समजायचा की आमच्याकडे शिरा बिघडला.

मी घुग्घुसच्या एका सिमेंट कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये आहे. काम म्हटलं तर सोपं. सिमेंटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि ठरल्या दिवशी मशीनखाली घालून फोडायचे. किती दाबाला फुटला ते लिहायचं. म्हणजे चांगल्या जमलेल्या वस्तू फोडण्याचा मला पगार मिळतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगात जे जे घट्ट होतं त्या सगळ्यातलं आपल्याला कळतं. माझी मुलगी म्हणते, "बाबांना दोनच गोष्टी समजतात. एक सिमेंट, आणि दुसरं म्हणजे सिमेंट सोडून बाकी सगळं."

बायको भामरागडच्या अलीकडच्या एका गावची. पावसाळ्यात नाले भरले की त्या गावाचा रस्ता तुटतो. मग फोन लागला तर लागला, नाही तर पाणी उतरेपर्यंत सगळे सुखरूप आहेत असं धरून चालायचं. माझ्या सासऱ्यांनी तिथं आपल्या हयातीतच वाटणी केली होती. शेत मुलाला. पण बांधापलीकडच्या मोहाच्या झाडांपैकी एक झाड लेकीला. कागद नाही, काही नाही. चारचौघांत सांगितलं आणि झालं. अट मात्र घातली. मोहाची फुलं गळायला लागली की लेकीनं स्वतः यायचं आणि निदान पहिली टोपली स्वतःच्या हातानं वेचायची. लागोपाठ दोन मोसम आली नाही, तर झाड सुनेचं. म्हणजे माझ्या बायकोच्या वहिनीचं.

यामागं म्हाताऱ्याचा हिशेब साधा असावा: लेक वर्षातून एकदा घरी यावी. बायको मात्र अट म्हणजे अट असं धरून चालते. लग्न झाल्यापासून तिनं एक मोसम चुकवला नव्हता. मुलगी पोटात होती तेव्हाही गेली होती. मी इथं ठोकळे फोडत बसायचो आणि ती तिकडं पहाटेपासून झाडाखाली. परत आली की अंगाला, लुगड्याला, पिशवीला मोहाचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास. आठवडाभर आमच्या घरात पाहुणा आला की आधी नाक वर करायचा आणि मग माझ्याकडं संशयानं बघायचा.

तर मागच्याच्या मागच्या होळीनंतर ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी साळेभाऊंचा, म्हणजे तिच्या भावाचा, फोन आला.

"जवाई, या इकडं. बाई झाडाखाली बसली तं उठूनच नाई राह्यली."

"काऊन, काय झालं?"

"पाय मेला म्हणते."

पाय मेला नव्हता, पण टोपली अर्धीही भरायच्या आत मुंग्या येऊन सुन्न झाला होता. दोघांनी धरून तिला घरी नेलं होतं. पाठ आधीपासून दुखत होतीच. ती "उसण भरली" म्हणायची, मी "गॅस असेल" म्हणायचो, आणि अशा रीतीनं आम्ही दोघांनी मिळून चार वर्षं निदान केलं होतं. चंद्रपूरला एमआरआय काढला. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढं सरकला होता आणि नस दाबत होता. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरचं नाव दिलं.

नागपूरचे डॉक्टर दक्षिणेकडचे. माणूस मोठा हसरा. मराठी बोलायचे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य हिंदीच्या दारातून आत यायचं. ते म्हणाले, स्क्रू आणि सळ्या लावून मणके धरून ठेवायचे आणि मधे हाड जमवायचं. दोन मणक्यांचं एक करायचं.

"स्क्रू फक्त थोड्या दिवसांसाठी. असली काम हाडानं करायचं. हाड नाही जुडलं, तर स्क्रू एक दिवस ढिले होणार."

हे ऐकल्याबरोबर मी खुर्चीत पुढं सरकलो. सळई आणि भरणा. हा तर माझा विषय! मी विचारलं, "सर, भरणा कोणत्या ग्रेडचा?"

बायकोनं टेबलाखालून मला पाय मारला. दुखऱ्या पायानं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पूर्वी कमरेच्या बाजूचं हाड खरवडून काढायचे आणि तिथं भरायचे. अजूनही करतात, चांगलं असतं, पण कधी कधी पाठ बरी होते आणि जिथून हाड काढलं ती जागा महिनोन्महिने दुखते. म्हणून ते स्वतः असं करतात: नस मोकळी करताना मणक्याचं जे हाड निघतं त्याचाच चुरा करायचा, त्यात हे कृत्रिम दाणे मिसळायचे, आणि कमरेच्या हाडात सुई घालून आतली मज्जा ओढून ती त्यावर ओतायची.

इथं मी मुलीचा प्रश्न विचारला. ती पुण्याला असते आणि तिनं फोनवर मला बजावून पाठवलं होतं: स्टेम सेलचं विचारा, स्टेम सेलनं काहीही होतं.

"मज्जेत स्टेम सेल असतातच," डॉक्टर म्हणाले. "मूळ पेशी. थोड्या असतात, पण असतात. त्यातून हाडाच्या पेशी तयार होऊ शकतात. किती फायदा होतो? खरं सांगू, आम्हालाही पक्कं नाही माहीत. लॅबमध्ये वाढवून भरायच्या पेशींवर अजून संशोधन चालू आहे. कोणी तुम्हाला त्याचं मोठं पॅकेज सांगितलं तर हात जोडा आणि घरी जा."

डॉक्टर "माहीत नाही" म्हणाल्यामुळं माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी स्वतः हे वाक्य कधी वापरत नाही, म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटतं.

"मग हे दाणे घट्ट व्हायला किती दिवस?" मी विचारलं. "म्हणजे क्युरिंग?"

"देखो भाऊ, हे सिमेंट नाही." त्यांनी बाटली हलवली. "हे आपोआप घट्ट होत नाही. हे दाणे मेलेले आहेत, नुसते बसून राहतात. यांच्यात बारीक छेद आहेत. त्या छेदांतून पेशंटच्या जिवंत पेशी आत येणार, रक्ताच्या बारीक नळ्या येणार, नवीन हाड धरणार. आणि दाणे हळूहळू विरघळून जाणार."

"म्हंजे वालाच्या येलाले मांडव," बायको म्हणाली.

"मांडव मतलब?"

मी दोन हातांनी मांडव करून दाखवला आणि बोटांनी वेल चढवला. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी बाजूच्या खोलीतल्या ज्युनियरला बोलावून माझ्याकडून तो पुन्हा करवून घेतला.

मग बायकोनं तिचा एकुलता एक प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, पुढच्या होळीनंतर मले मोह वेचाले जाता येईन का?"

मोह काय, झाड काय, अट काय, हे सगळं सांगावं लागलं. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "हाड जुडलं तर. जुडल्याशिवाय वाकायचं नाही. मी वचन नाही देत. एक मोसम तर गेला ना?"

"गेला. अर्धी टोपली पहिली टोपली होत नाई. वयनी मोजून आहे."

वहिनी काही मोजून वगैरे नव्हती. तिनं फोनवर इतकंच म्हटलं होतं, "नाई येणं झालं तं मी पाहून घेईन झाड." हे वाक्य प्रेमानंही म्हणता येतं आणि डोळा ठेवूनही. बायकोनं दुसरा अर्थ घेतला होता आणि तो बदलायला ती तयार नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? नाही. बीपी? थोडं. सिगरेट, बिडी?

"छे छे," मी म्हणालो.

"तंबाखू, गुटखा? तुमच्या इकडचा तो खर्रा?"

आता मला चढलंच. आमच्या चंद्रपुराकडं खर्रा न खाणारा माणूस म्हणजे दुर्मीळ जनावर. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घोटून घोटून लोकांची मनगटं पैलवानासारखी झाली आहेत. माझ्या खात्यात एकट्या माझाच गाल सपाट. त्यामुळं कारखान्यात तंबाखूविरोधी शपथ असली की मलाच स्टेजवर उभं करतात. बाकीच्यांना शपथ घ्यायची तर आधी थुंकून यावं लागतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही. निर्व्यसनी घर आहे."

बायकोनंही मान हलवली. अगदी मनापासून.

पाऊस सुरू व्हायच्या तोंडाशी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पायाच्या मुंग्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. कमरेला पट्टा बांधून बायको घरी आली आणि मी सुट्टी काढून देखरेखीला बसलो. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला समजलं होतं, पण हात ऐकत नाहीत. पट्टा मला सेंट्रिंगच्या फळ्यांसारखा दिसायचा आणि पाणी पाजल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"अवं, पाणी पी."

"आत्ताच तं पेली."

"तरी पी. भरणा ओला पाहिजे."

"अजी, मी स्लॅब नाई हो. तुमच्या कंपनीत जा ना, तिथी फोडा काहीतरी."

साळेभाऊंचा फोन कधी लागायचा, कधी नाही. नाले भरले होते. लागला की ते गावाकडून ओरडायचे, "रवा फुगला का जवाई?" आणि मी इकडून ओरडायचो, "फुगत नाही भाऊ, जमतो!" आणि मग लाइन जायची. शेजारपाजारच्यांना या संभाषणाचा अर्थ लावण्यात पावसाळा बरा गेला.

दिवाळीनंतर तपासणीला गेलो. पाठ दुखत नव्हती, बायको सरळ चालत होती, मी निकाल लागल्यासारखा कपडे करून गेलो होतो. सीटी स्कॅन झाला. डॉक्टर पडद्यावर चित्रं पुढं-मागं करत राहिले. हसले नाहीत. मला तिथंच काहीतरी समजलं.

"इथं आत्तापर्यंत हाडाचा पूल दिसायला पाहिजे होता," ते बोट ठेवून म्हणाले. "दाणे दिसतात. हाड फार थोडं धरलं आहे."

बायकोनं विचारलं, "होळीपर्यंत जमन का?"

"असंच राहिलं तर नाही. आणि असंच राहिलं तर पुन्हा उघडावं लागेल. मग कमरेचं हाडच काढून भरू."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला गप्प बसलेलं मी क्वचित पाहिलं आहे. मला ते झेपत नाही. मीच बडबडू लागलो, की पाणी भरपूर पाजलं, पट्टा एक दिवस काढू दिला नाही.

डॉक्टरांनी रक्ताचे कागद पुन्हा पाहिले. साखर ठीक, व्हिटॅमिन ठीक. सिगरेट-बिडीचं पुन्हा विचारलं. आम्ही पुन्हा नाही म्हणालो, जरा दुखावूनच. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "सकाळी उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा. काही सोडू नका."

तिला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. ती सावरून बसली आणि सुरू झाली. "उठते. पट्टा बांधते. मंग गुडाखू घासते. मंग हे च्या करतात, ऑपरेशनपासून. पयले नाई करत होते. च्यात साखर जास्त टाकतात—"

"एक मिनिट. काय घासता?"

"गुडाखू."

"गुडाखू मतलब?"

"मंजन आहे, सर," मी पुढं होऊन म्हणालो. "आमच्याकडं दात घासतात त्यानं. सगळेच. मीही."

"दिसतं कसं?"

बायकोनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. प्रवासात लागते म्हणून सोबत होती. डॉक्टरांनी झाकण उघडलं, आतला काळपट लगदा पाहिला, नाकाजवळ नेला आणि डोकं झटकन मागं घेतलं. मग डबी फिरवून, चष्मा वर करून, कडेचं बारीक अक्षर वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं, पण ते खरं हसू नव्हतं.

"भाऊ, यात तंबाखू आहे. तंबाखू आणि गूळ."

"तंबाखू तं आहे," बायको म्हणाली, जशी काही मिठात खारटपणा आहे असं कोणी सांगितलं. "पण आपण खात नाई ना. घासतो आनं थुकतो."

डबीवर तोंडाच्या कॅन्सरचं ते भयंकर चित्र होतंच. रोज सकाळी आम्ही दोघं ते बघत होतो. आमची समजूत अशी की तो कोणीतरी खर्रा खाणारा असेल बिचारा. आणि मी तर अनेकदा हातात माइक घेऊन तंबाखूविरुद्ध शपथ दिलेला माणूस. शपथेच्या दिवशी सकाळी चांगला रगडून गुडाखू घासून जायचो, की स्टेजवर दात स्वच्छ दिसावे.

"दिवसातून किती वेळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी. दुपारी जेवल्यावर. आनं संध्याकाळी जरासा. पट्टा बांधून बसल्या बसल्या दुसरं काम काय हाय? कधी कधी मधातही."

म्हणजे ऑपरेशननंतर वाढलाच होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी दोन हातांचा मांडव केला, माझ्यापेक्षा वाईट. "हा मांडव. आम्ही चांगला बांधला. वेलाचं बीसुद्धा पेरलं. आणि तुम्ही रोज तीनदा त्याचं पाणी तोडता. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. बारीक नळ्या आकसतात. पेशींना खायला नाही मिळत. थुंकून काही होत नाही."

"मंग बंद केला तं?" बायकोनं विचारलं.

"बंद केला तर बघू. होळीच्या आधी पुन्हा स्कॅन. पूल दिसला तर मी तुम्हाला जाऊ देईन. नाही दिसला तर नाही."

तिनं डबी उचलली नाही. तशीच टेबलावर सोडून उठली. मी मात्र सवयीनं ती खिशात घातली, आणि बाहेर आल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत धावत गेलो.

गुडाखू सोडणं म्हणजे काय, हे ज्यानं सोडला त्यालाच विचारावं. मी तिच्यासोबत सोडायचं ठरवलं. कारण घरात डबी असली तर तिचा हात जाणार, असं मी सांगायचो. खरं कारण असं की तिनं मला पर्याय दिला नव्हता. पहिल्या आठवड्यात आमच्या घरात दोन माणसं होती आणि दोघांचंही पोट साफ होत नव्हतं. डोकं जड. जीभ रिकामी. आम्ही राखुंडी आणली, मीठ-तेल लावलं, कडुलिंबाच्या काड्या चावल्या. टूथपेस्ट आणली तर बायको म्हणाली, "हे तं मिठाई होय. याच्यानं सकाळ झाली असं वाटूनच नाई राह्यलं." मी कंपनीत एवढा चिडचिडा झालो की एक चांगला ठोकळा मशीनखाली घालायच्या आधीच हातातून आपटला. साहेबांनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, "सर, मंजन बदललं."

बायकोचं दुःख वेगळ्या वाटेनं बाहेर पडायचं. माझी वरणाची वाटी आपटून ठेवायची. दुपारी जेवण झालं की तिची तर्जनी आपोआप तोंडाकडं जायची, मधेच थांबायची, आणि मग ती त्या बोटाकडं असं बघायची जसं ते शेजाऱ्यांचं आहे. एकदा मी म्हणालो, "अवं, जाऊ दे, एवढासा घेतला तर काय होते?" खरं तर मलाच हवा होता.

ती म्हणाली, "एवढासा तुम्ही घ्या. तुमच्या पाठीत काय जमाचं हाय? आनं तुमचं झाडही नाई."

मग मी कडुलिंबाची काडी चावत अंगणात जाऊन उभा राहिलो. शेजारच्या चाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते काळ्या काचेमागून मला पाहून म्हणाले, "भाऊ, तुम्ही हे जे काडी चावून राह्यले ना, असं वाटते का तुमच्या घरी जेवाले नाई."

हिवाळा गेला. पळसाला फुलं आली तसा तिचा जीव वर-खाली व्हायला लागला. मोह पळसाच्या मागोमाग येतो. साळेभाऊंचा फोन आला, की कळ्या दिसतात, यंदा लवकर गळेल. बायकोनं विचारलं, "वयनी काय म्हणते?" तिकडून साळेभाऊ म्हणाले, "ते झाडाखालचा पाला झाडून राह्यली." फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं वळली. "पाह्यलं? आपलं समजूनच झाडून राह्यली."

"अवं, मदत म्हणून करत असेल."

"तुम्हाले काही समजत नाई."

माझ्या बाबतीत हे अलीकडं बऱ्याचदा खरं निघत होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

होळीच्या आधी ठरल्याप्रमाणं नागपूरला गेलो. डॉक्टरांनी स्कॅन लावला. पुढं-मागं. पुढं-मागं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, ती पडद्याकडं बघत होती, तिला त्यातलं काही कळत नसताना. मग डॉक्टरांनी खुर्ची फिरवली.

"या बाजूला पूल आहे. पक्का. त्या बाजूला अजून बांधकाम चालू आहे, पण धरलं आहे. दाण्यांच्या मधून हाड दिसतं." त्यांनी बोटानं दाखवलं. करड्या चित्रात पांढरी एक वाकडी रेघ होती. मी आयुष्यात इतकं सिमेंट पाहिलं, पण कुठली जमलेली वस्तू अशी पडद्याला नाक लावून पाहिली नव्हती.

"मी जाऊ?" बायकोनं विचारलं.

"जा. पण कमरेतून वाकायचं नाही. गुडघ्यावर बसायचं, पाठ सरळ. वजन उचलायचं नाही, भरलेली टोपली तर अजिबात नाही. आणि एकच टोपली. बाकी भाऊ वेचतील."

भाऊ म्हणजे मी. माझं मत कोणी विचारलं नाही.

होळी झाली आणि आम्ही निघालो. आलापल्लीच्या पुढं जंगल सुरू झालं तशी ती खिडकीशी सरकली. गावात पोचलो, वहिनीनं पाणी दिलं, चहा दिला. दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोलत होत्या की मला भीती वाटली. पहाटे बायकोनं मला उठवलं. झाडाखाली खरंच एक पान नव्हतं. बाकीच्या झाडांखाली लोक पाला जाळून जमीन मोकळी करतात; इथं झाडूनं काढलेलं होतं, बारीक झाडूच्या रेघा दिसत होत्या, आणि त्या रेघांवर रात्री गळलेली फुलं, पिवळसर, फुगलेली, दवानं ओली. वर अजून टपटप चालू होतं.

"जाळला काऊन नाई?" बायकोनं विचारलं.

"धूर तुम्हाले खोकला आणन," वहिनी म्हणाली. "आनं खोकल्यानं पाठीले हबके बसते म्हणे. जवाईनं सांगितलं होतं फोनवर."

मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, पण एवढ्या फोनांत मी काय काय सांगितलं असेल देव जाणे.

बायको हळूच गुडघ्यावर बसली. पाठ सरळ, पट्ट्यासकट, जशी काही पोथी वाचायला बसली आहे. एक फूल उचललं. टोपलीत टाकलं. दुसरं. हात पोचेल तेवढ्या गोलातलं वेचायचं, मग गुडघ्यांवर पुढं सरकायचं, पुन्हा गोल. साळेभाऊ आणि मी बाजूच्या झाडाखाली लागलो. थोड्याच वेळात माझी कंबर बोंबलायला लागली. मी हात कमरेवर ठेवून उभा राहिलो तसा साळेभाऊ म्हणाले, "जवाई, तुमच्यातही भरा लागते का रवा?"

"भाऊ, मला पोत्यानं भरावा लागेल."

ऊन झाडावर चढेपर्यंत बायकोची टोपली भरली. काठोकाठ. तिनं टोपलीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि तशीच बसून राहिली, कारण उचलायची तर परवानगी नव्हती आणि कोणाला "उचल" म्हणायची तिला सवय नव्हती. मी कंबर धरूनच पुढं झालो, पण त्याआधी वहिनी आली. खाली बसली, टोपली एका झोक्यात डोक्यावर घेतली, आणि दुसरा हात बायकोच्या पुढं केला. त्याला धरून बायको उठली. साडी झटकली. वहिनी टोपली घेऊन घराच्या वाटेला लागली, आणि माझी बायको मागून ताठ पाठीनं चालत, जवळजवळ पळतच, म्हणाली,

"सांडू नका वो वयनी! माह्या झाडाचे हायत ते."

"मालूम हाय," वहिनी मागं न बघता म्हणाली. "चला तुम्ही सरळ."